तिच्या चिठ्ठीवरचा शब्द

सोमवारी सकाळी संशोधक मुलगी पाट्यांच्या खोलीत आली तेव्हा ठोक्या एका पाटीवर शेवटचं अक्षर मारत होता. त्याने हातोडी खाली ठेवेपर्यंत ती दारातच उभी राहिली. अक्षराचा ठसा धातूच्या पट्टीवर उभा धरला की ठोका एकच मारायचा असतो, दुसरा मारला की अक्षराला सावली पडते. त्या वेळी माणसाशी बोलायचं नाही, हे तिला ठोक्याच्या बायकोने शिकवलं होतं.

ठोक्या हे नाव वनस्पती उद्यानातल्या माळ्यांनी ठेवलेलं. एकतीस वर्षं त्याने त्या बागेतल्या झाडांच्या पाट्या ठोकल्या. निवृत्त झाला तरी आठवड्यातून दोन दिवस त्याला बोलावत, कारण नव्या मशीनवर केलेल्या पाट्या दोन उन्हाळ्यांत पुसल्या गेल्या होत्या आणि याच्या तशाच होत्या. बायको तिथेच, वाळवलेल्या वनस्पतींच्या खोलीत कामाला होती. फांद्या दाबून वाळवायच्या, जाड कागदावर चिकटवायच्या, खाली चिठ्ठी लावायची. तिला माळी चिकटबाई म्हणत. काही जण डिंकामुळे म्हणत आणि काही जण ती एखादी गोष्ट सोडत नसे म्हणून. तिला जाऊन सात महिने झाले होते.

"काका, बसा," मुलगी म्हणाली.

"बसलेलाच आहे. तू बस. तोंड का असं केलंयस? पाटी चुकली का कुठली?"

"पाटी नाही चुकली. बाईंनी टेकडीवरून आणलेलं ते झुडूप आठवतंय? पिवळट फुलांचं?"

"त्याचं काय?"

"ते नवं आहे. म्हणजे आहे जुनंच, पण आजवर कुणी त्याला वेगळं मानलेलं नाही, म्हणून नाव नाही. मी दोन वर्षं तपासतेय. बी वेगळं आहे, पानाखालची लव वेगळी आहे. बाईंचं बरोबर होतं."

ठोक्याने हातातला ठसा फडक्याने पुसला. पुसलेला होता तरी पुसला.

"तिला माहीत होतं," तो म्हणाला.

"तेवीस वर्षांपूर्वीच माहीत होतं." मुलगी खुर्ची पुढे ओढून बसली. "आता ऐका. नाव दोन शब्दांचं असतं हे तुम्हाला सांगायला नको."

"पहिला शब्द घराण्याचा, दुसरा त्या पोराचा."

"बरोबर. पहिला ठरलेलाच आहे. दुसऱ्यासाठी माझ्यापुढे दोन शब्द आहेत. एक म्हणजे बाईंचं नाव. त्याला लॅटिनमध्ये शेवटी 'आए' लावायचं, म्हणजे 'बाईंची' असा अर्थ होतो. दुसरा म्हणजे बाईंनी स्वतःच्या चिठ्ठीवर लिहून ठेवलेला शब्द, टार्डिफ्लोरा. दोन्ही बसणार नाहीत, जागा एकच आहे. लेख शुक्रवारी छापायला जातो. तुम्ही म्हणाल तो शब्द घालीन."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"तुम्हाला बाई कळतात."

ठोक्याचं उत्तर तिथल्या तिथे तयार होतं. नाव. तिचं नाव. ते ओठावर आलंही होतं, पण मुलगीच म्हणाली, "घाई नको. गुरुवारपर्यंत सांगा," आणि उठली.

*

नाव हवं असण्याचं कारण होतं. ते त्याने कुणाला सांगितलेलं नव्हतं.

त्या दोघांचं लग्न उशिरा झालं. तो बेचाळीसचा, ती एकोणचाळीसची. ओळख झाली ती एका चुकीवरून. त्याने एका झाडाची पाटी ठोकली होती. कागदावर 'क्वेर्कुस अल्बा', म्हणजे पांढरा ओक, असं लिहिलेलं होतं. याला वाटलं, लिहिणाऱ्याचा हात घसरला. पहिला शब्द 'उस'वर संपतो तर दुसराही तसाच संपायला हवा, जोडी जमायला हवी. म्हणून याने आपलं डोकं चालवून 'अल्बुस' ठोकलं. दुसऱ्या दिवशी वाळक्या झाडांच्या खोलीतली बाई पाटी काखेत मारून दारात उभी.

"हे तुम्ही केलंत?"

"हो. लिहिणाऱ्याने चूक केली होती, ती सुधारली."

"लिहिणारी मी होते."

मग तिने उभ्याउभ्याच सांगितलं, की लॅटिनमध्ये झाडं बाया असतात. नाव पुरुषासारखं दिसलं तरी आतून बाईच. म्हणून विशेषण तिच्या मागे बाईसारखंच जायला हवं. आपल्याकडे कसं, तो वृक्ष, ती जाई, ते झाड, ज्याचं त्याचं निराळं. पण 'पांढरा जाई' म्हटलं की कानाला खटकतं ना? तसंच ते.

"म्हणजे शेवटी बाईचंच चालतं," ठोक्या म्हणाला होता.

"पाटी नवी करा," ती म्हणाली होती, आणि जाताना हसली होती.

लॅटिन तिला कुणी शिकवलं नव्हतं. मागचं पान फाटलेलं एक जुनं पुस्तक होतं, ते ओट्यावर टेकवून ती भाजी चिरता चिरता शब्दांचे शेवट पाठ करायची. लग्नानंतर त्यालाही ऐकून ऐकून थोडं यायला लागलं. तिला सगळ्यांत आवडायचे ते जोडशब्द. दोन शब्द घ्यायचे, मध्ये 'इ'चा टाका घालायचा, एक शब्द तयार. अंगुस्तुस म्हणजे अरुंद, फोलियुम म्हणजे पान. अंगुस्तिफोलिया. पण हा शब्द अरुंदबद्दलही नाही आणि पानाबद्दलही नाही, ती म्हणायची. ज्या झाडाची पानं अरुंद असतात त्या झाडाबद्दल आहे. दोन शब्द मिळून तिसऱ्याकडे बोट दाखवतात.

"आपल्याकडे नाही असं," त्याने एकदा म्हटलं.

"नाही कसं? सदाफुली. सदा फुलते ती. आणि बिनडोक."

"त्यात काय?"

"'बिन' एक, 'डोकं' एक. दोन्ही मिळून तुमच्याकडे बोट दाखवतात."

अशी बाई. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी ती एका रविवारी त्याला टेकडीवर घेऊन गेली आणि ते झुडूप घेऊन आली. त्या घराण्यातली बाकी सगळी झुडपं तोवर फुलून, बी टाकून, वाळून गेलेली. हे एकटं तेव्हा फुलत होतं. तिने ते वाळवलं, चिकटवलं, चिठ्ठी लिहिली: हे वेगळं आहे. बागेचे प्रमुख शास्त्रज्ञ असलेल्या मोठ्या सरांनी पाहिलं आणि दुसरी चिठ्ठी लावली: वेगळं नाही, नेहमीचंच आहे, पाऊस लांबला म्हणून फूल लांबलं.

त्या संध्याकाळी ती घरी आली ती तशीच ओट्यापाशी गेली. बऱ्याच वेळाने तिने सगळं सांगितलं. आणि ठोक्या म्हणाला, "सर म्हणतात म्हणजे तसंच असेल. त्यांना कळतं की तुला?"

ती उठली. ताटं वाढली. त्याला ते बोलणं आठवड्याभरात खुपायला लागलं, पण परत विषय काढायचा धीर झाला नाही, आणि बावीस वर्षांनी ती गेली. आता तिचं नाव त्या झुडपाला लागलं, जगभरच्या पुस्तकांत छापलं गेलं, की त्या वाक्याची भरपाई होईल असं त्याला वाटत होतं. पाटी तो स्वतः ठोकणार होता.

*

मंगळवारी संध्याकाळी मेहुणा आला. बायकोचा धाकटा भाऊ, चपलांच्या दुकानात कामाला. तो आला की आधी ठोक्याच्या पायांकडे बघायचा आणि मग तोंडाकडे.

"दाजी, टाच झिजलीय. उद्या दुकानात या."

"चहा घे आधी."

ठोक्याने त्याला सगळं सांगितलं. मेहुण्याने कप खाली ठेवला.

"यात विचार कसला करायचा? ताईचं नाव. अजून विचारताय काय?"

"मी कुठे विचारतोय. मीही तेच म्हणतोय."

"मग गुरुवारची वाट कशाला बघताय? आत्ता फोन लावा. तो दुसरा शब्द काय आहे?"

"टार्डिफ्लोरा."

"हे काय औषधाचं नाव आहे?"

"टार्डुस म्हणजे मंद, उशिराचं. फ्लोस म्हणजे फूल. जिला फुलं उशिरा येतात ती."

"म्हणजे ताईला जगात ओळखणार कशाने, तर उशीर झाला म्हणून?" मेहुणा भडकला. "लग्नाला उशीर, म्हणून सगळ्या गावाने तिला ऐकवलं. आता झाडावर पण तेच?"

"ते तिच्याबद्दल नाहीये. झुडपाबद्दल आहे."

"लोकांना काय कळतंय कुणाबद्दल आहे ते. दाजी, तुम्ही माझ्या ताईला उशिरा का होईना सुखात ठेवलंत, मी आयुष्यभर मानतो. पण या बाबतीत घोळ घालू नका. नाव द्या. आमच्या घरातलं कुणाचं नाव आजवर रेशनकार्डाच्या पुढे गेलेलं नाही."

ठोक्या म्हणाला, "नावच देणार आहे. निश्चिंत राहा."

मेहुणा दारापर्यंत जाऊन परत फिरला. "आणि चपला टाकून द्या त्या. माणसाने झिजाव्यात तेवढ्याच झिजवाव्यात."

*

बुधवारी तो वाळक्या झाडांच्या खोलीत गेला. ती गेल्यापासून पहिल्यांदाच. नाव तर सांगायचंच आहे, पण त्याआधी तिचा कागद एकदा डोळ्यांनी पाहावा, एवढंच मनात होतं.

खोली थंड होती. लोखंडी कपाटं छतापर्यंत, प्रत्येकाच्या दारावर घराण्याचं नाव. ती नावंही त्यानेच ठोकलेली. मुलीने एक कपाट उघडलं आणि एक कागद टेबलावर ठेवला.

डिंकाच्या बारीक पट्ट्यांनी अडकवलेलं झुडूप, फूल अजून जागच्या जागी. खाली डाव्या कोपऱ्यात तिची चिठ्ठी, तिचं ते सरळ, गोल अक्षर. "वेगळे वाटते. इतर सर्व सुकल्यावर हे फुलते. टार्डिफ्लोरुस?" तिच्या शेजारी मोठ्या सरांची चिठ्ठी, तिरक्या अक्षरात. आणि वर आता मुलीची तिसरी.

"सरांनी हिची काढून का नाही टाकली?" त्याने विचारलं. "त्यांच्या मते चुकीची होती ना."

"काढत नाहीत, काका. इथला नियमच आहे. चिठ्ठी चुकीची वाटली तरी तिला हात लावायचा नाही. आपलं मत आपल्या चिठ्ठीवर लिहायचं आणि शेजारी चिकटवायचं. पुढच्याला कळायला हवं, की कोण काय म्हणालं होतं. ती चिठ्ठी तिथे नसती तर मी या कागदावर थांबलेच नसते. पुढे गेले असते."

ठोक्याने मान हलवली. त्याच्या कामात चूक झाली की पाटी वितळवायला जायची. इथे चूक जपून ठेवत होते.

"शेवट चुकलाय तिचा," तो बारकाईने बघत म्हणाला. "उस लिहिलंय. आ हवं."

मुलगी हसली. "घाईत असतील. ते मी सुधारीन, तेवढं चालतं, शब्द बाईंचाच राहतो. पण काका, तुम्हाला हा एकच कागद माहीत आहे का?"

"एकच तर आणलं होतं तिने."

मुलीने कपाटातून एक जाड गठ्ठा काढला. एकेक कागद टेबलावर मांडत गेली. एक, दोन, पाच, आठ. बारा झाले. सगळ्यांवर तेच झुडूप, लहान-मोठं, पण प्रत्येकावर फूल. प्रत्येकाखाली तिची चिठ्ठी. पहिलीनंतरच्या एकाही चिठ्ठीवर 'वेगळे' हा शब्द नव्हता, वादाचं काही नव्हतं. तारीख, जागा, आणि "फूल आहे". पुढच्या वर्षी पुन्हा, त्याच आठवड्यातली तारीख. "फूल आहे. यंदा पाऊस वेळेवर." त्याच्या पुढच्या वर्षी, "फूल आहे. यंदा पाऊस लवकर." पाऊस लवकर येवो की उशिरा, झुडूप आपल्याच वेळेला फुलत होतं. सरांच्या चिठ्ठीला तिने अकरा वर्षं असं उत्तर दिलं होतं, आवाज न चढवता.

ठोक्या तारखा वाचत होता. तिसऱ्या चिठ्ठीवर तो थांबला. चौथी पाहिली. मग स्टूल ओढून खाली बसला.

"काय झालं, काका?"

"हा आमच्या लग्नाचा आठवडा आहे."

दर वर्षी त्या आठवड्यात ती म्हणायची, चला, टेकडीवर जाऊन येऊ. तो म्हणायचा, चल. त्याला वाटायचं, बायकोला लग्नाच्या वाढदिवसाला फिरायला आवडतं, खर्चही नाही, बरंच आहे. ती वर गेली की इकडेतिकडे वाकून काहीतरी खुडायची. तो तिच्या मागे दोन लाकडी फळ्या आणि त्यामधले रद्दी कागद घेऊन चालायचा, दोरी आवळून द्यायचा, कारण गाठ त्याची पक्की बसायची. मग दोघं दगडावर बसून डबा खायची. कधी विचारलंही नाही, काय खुडतेस म्हणून. पुढे तिचे गुडघे गेले आणि ते जाणं बंद झालं.

"म्हणजे ती कामाला जायची," तो म्हणाला. "आणि मी समजत होतो, वाढदिवस."

"दोन्ही असेल," मुलगी म्हणाली. "खालची ओळ वाचलीत?"

प्रत्येक चिठ्ठीच्या तळाशी एक छापील ओळ होती: गोळा करणारे. तिच्यापुढे तिने स्वतःचं नाव लिहिलं होतं. आणि त्यापुढे, स्वल्पविराम देऊन, त्याचं. बाराच्या बारा कागदांवर. ज्या कागदाबद्दल तो तिला 'त्यांना कळतं की तुला' म्हणाला, त्याच्यावरही. आणि त्यानंतरच्या वर्षीही, आणि त्यानंतरही.

मुलीने पाण्याचा पेला आणून ठेवला आणि दुसऱ्या टेबलावर जाऊन उगाच काहीतरी लावत बसली.

"पोरी," शेवटी तो म्हणाला, "मी नुसता फळ्या धरायचो."

"फळ्या धरणाऱ्याचं नाव लिहायलाच हवं असं नाही. बरेच जण लिहीत नाहीत."

"हे नाव कुठे जाणार?"

"हा पहिला कागद आता मूळ नमुना होणार. त्याला वेगळं पाकीट, लाल कडेचं. जगात कुणालाही या झुडपाबद्दल शंका आली तर त्याला हाच कागद पाहावा लागेल. लेखातही ही ओळ जशीच्या तशी छापतात. बाईंचं नाव आणि तुमचं. दुसरा शब्द कुठलाही ठरला तरी."

ठोक्याने पुन्हा पहिली चिठ्ठी पाहिली. चार ओळी, त्यात तिने स्वतःबद्दल काही म्हटलं नव्हतं. झुडूप कधी फुलतं ते सांगितलं होतं, म्हणजे ते कुणालाही शोधता यावं. एकतीस वर्षं तो पाट्या ठोकत होता. लोक पाटी वाचतात आणि मान वर करून झाडाकडे बघतात, हे त्याने रोज पाहिलं होतं. माणसाचं नाव वाचून ते झाडात काय शोधणार? आणि भरपाईचं म्हणाल, तर ज्या बाईने पुढच्याच वर्षी त्याला पुन्हा सोबत नेलं, आपल्या नावाशेजारी बसवलं आणि त्यातलं अवाक्षर काढलं नाही, तिने ते कधीच मिटवून टाकलं होतं. त्यालाच पत्ता नव्हता.

"गुरुवारची वाट नको बघू," तो म्हणाला. "तिचा शब्द घाल. शेवट तेवढा नीट कर."

*

मेहुण्याला त्याने फोनवर सांगितलं.

"दाजी, तुम्ही शब्द दिला होता."

"हो, दिला होता. मोडला. उद्या दुपारी बागेत ये, मग काय बोलायचं ते बोल."

गुरुवारी मेहुणा आला तो तोंड पाडूनच. ठोक्याने त्याला बारा कागद दाखवले. मेहुण्याने तळाची ओळ प्रत्येक कागदावर बोट न लावता वाचली, आधी ताईचं नाव, मग दाजीचं.

"तुम्ही पण आहात," तो म्हणाला.

"मी पण आहे."

"मग ठीक आहे." थोडं थांबून तो म्हणाला, "मला नव्हतं नेलं कधी."

"तुला दगडधोंड्यांत चालवलं असतं तर चपलांची तक्रार केली असतीस."

मेहुणा हसला आणि त्याने डोळे पुसले. तेवढ्यात दार उघडलं. मुलीने निरोप पाठवला होता, म्हणून मोठे सर आले होते. ऐंशी ओलांडलेले, एका हातात काठी, कोटाला दोन बटणं कमी. कुणाशी न बोलता ते टेबलापाशी गेले, चष्मा बदलला आणि बाराही कागद पाहिले. दर कागदाला पाच मिनिटं. कुणी घाई केली नाही.

"मला कधी दाखवले नाहीत बाईंनी," ते म्हणाले.

"कपाटातच होते, सर," मुलगी म्हणाली.

"हो. कपाटातच होते. बघायला मीच गेलो नाही." त्यांनी हात पुढे केला. "एक चिठ्ठी द्या."

ते लिहायला बसले, पण कागद थरथरत होता. ठोक्याने पुढे होऊन चिठ्ठीच्या दोन कडा बोटांनी दाबून धरल्या, जशी पट्टी धरतो तशी. सरांनी सावकाश लिहिलं: "माझे मत चुकीचे होते. बाईंचे बरोबर. पावसाचा संबंध नाही." खाली तारीख घातली, सही केली. डिंक मुलीने लावला, आणि सरांनी ती स्वतःच्या जुन्या चिठ्ठीशेजारी चिकटवली. जुनी तशीच राहिली.

"तुम्ही तिचे यजमान," सर म्हणाले. "तुमची मी माफी मागायला हवी."

"नको, सर. मला तुमचे आभार मानायचे होते."

"कशाचे? मी तर तिला खोटं ठरवलं."

"खोटं मीही ठरवलं होतं. पण तुम्ही तिची चिठ्ठी जागेवर राहू दिलीत."

"ती काढायची नसतेच," सर जरा वैतागूनच म्हणाले.

"तरी," ठोक्या म्हणाला, आणि त्यांना बसायला खुर्ची ओढून दिली.